नऊ वर्षांचे धरण, एका वर्षाचे आरक्षण : लातूरच्या पाणीपुरवठ्याचे प्रकरण

एप्रिल ते ऑगस्ट 2016 या काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पाण्याच्या या गाडीच्या एकूण 111 फेऱ्या झाल्या आणि त्यांतून सुमारे 25 कोटी 95 लाख लिटर पाणी शहरात पोहोचले. आकडा ऐकायला मोठा वाटतो. 2011 च्या जनगणनेनुसार लातूरची लोकसंख्या सुमारे 3 लाख 83 हजार होती. तिला माणशी दररोज 135 लिटर हा शहरी पुरवठ्याचा रूढ निकष लावला, तर शहराची रोजची गरज सुमारे 5 कोटी 17 लाख लिटर येते. म्हणजे देशभर गाजलेल्या त्या गाडीने चार महिन्यांत मिळून जे पाणी आणले, ते नेहमीच्या मापाने शहराला जेमतेम पाच दिवस पुरणारे होते.

हा हिशेब रेल्वेला किंवा ती गाडी आणणाऱ्या प्रशासनाला कमी लेखण्यासाठी मांडलेला नाही. त्या उन्हाळ्यात शहर तगवण्यात गाडीचा वाटा होताच, आणि नुसते घसे ओले करायचे म्हटले तर तो वाटा मोठा होता. परंतु लातूरचे प्रकरण बहुतेक वेळा या गाडीपासून सुरू होऊन गाडीपाशीच संपते. पाऊस झाला नाही, धरण आटले, रेल्वे आली, पुढे पाऊस झाला, अशी ती गोष्ट सांगितली जाते, आणि ती खरी असली तरी तिच्यात शहराच्या पाण्याचे व्यवस्थापन कुठेच येत नाही. शहराला पाणी पुरवणारे धरण किती मोठे होते, त्यातले पाणी कोणासाठी आणि किती काळासाठी राखले जात होते, आणि नळातून ते किती नीट पोहोचत होते, हे प्रश्न 2016 च्या आधीचे आहेत. त्यांची उत्तरे पाहिली की ते संकट केवळ आभाळातून आले असे म्हणता येत नाही.

शहर आणि त्याचे धरण

1982 मध्ये उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाल्यावर लातूर झपाट्याने वाढले. आडत बाजार, डाळ आणि तेलबियांचे उद्योग, औद्योगिक वसाहत आणि पुढे ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखली गेलेली शिकवणी यांमुळे आजूबाजूच्या चार-पाच जिल्ह्यांतून माणसे इथे येत राहिली. 2001 ते 2011 या दहा वर्षांत लोकसंख्या सुमारे तीन लाखांवरून पावणेचार लाखांच्या पुढे गेली आणि 2011 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. शिकवणीसाठी खोल्या घेऊन राहणारी हजारो मुले आणि दवाखान्यांसाठी येणारे रुग्ण यांची गणना या आकड्यात नीट होत नाही, पण पाणी त्यांनाही लागते.

पूर्वी शहराची तहान जवळच्या मांजरा नदीवरील साई आणि नागझरी येथील बंधाऱ्यांवर भागत असे. गरज वाढली तसा भार मांजरा धरणावर गेला. हे धरण बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात धनेगाव येथे, लातूरपासून पन्नासएक किलोमीटरवर आहे. तिथून पाणी उपसून जलवाहिनीने हरंगुळच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणायचे आणि मग शहरातल्या जलकुंभांत चढवायचे, अशी ही लांबलचक साखळी आहे. तिच्यात पंपाची वीज गेली, वाहिनी फुटली किंवा धरणाची पातळी उपशाच्या तोंडाखाली गेली, यांपैकी काहीही झाले तरी शहरात नळ कोरडे पडतात.

मांजरा धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे 224 दशलक्ष घनमीटर असून त्यातला उपयुक्त साठा सुमारे 177 दशलक्ष घनमीटर आहे. आता शहराची वर्षाची गरज पाहू. रोज 5 कोटी 17 लाख लिटर म्हणजे वर्षाला सुमारे 19 दशलक्ष घनमीटर. ढोबळ हिशेबाने धरण एकदा पूर्ण भरले, तर त्यातला उपयुक्त साठा एकट्या लातूर शहराच्या नऊ वर्षांच्या गरजेइतका होतो. हा हिशेब अर्थातच कागदावरचा आहे. मराठवाड्याच्या उन्हात उघड्या जलाशयातून होणारे बाष्पीभवन, वाहिनीतील गळती, त्याच धरणावर अवलंबून असलेली अंबाजोगाई, केज, कळंब यांसारखी गावे आणि औद्योगिक वसाहत, या सर्वांचे वजा केल्यावर नऊ वर्षांची तीन-चार वर्षे उरतात. पण तीन-चार वर्षे तरी उरतात, हे इथे महत्त्वाचे.

धरण बांधले गेले ते सिंचनासाठी, आणि मांजरेच्या खोऱ्यात सिंचन म्हणजे प्रामुख्याने ऊस. लातूर जिल्ह्याच्या गेल्या चाळीस वर्षांच्या अर्थकारणात साखर कारखान्यांचे स्थान कोणालाही नाकारता येणार नाही. या भागात रोख पैसा आणणारे पीक म्हणून उसाकडे पाहणारा शेतकरी काही अविचारी नाही. तरीही तुलना करायला हरकत नसावी. पाटपाण्यावरच्या उसाला हंगामभरात सुमारे 2,000 मिलिमीटर पाणी धरले, तर हेक्टरी 20 हजार घनमीटर लागते. लातूर शहराची वर्षभराची गरज म्हणजे साडेनऊशे हेक्टरांच्या आसपास उसाचे पाणी. धरणाच्या आणि नदीच्या दोन्ही तीरांवरचे उसाचे क्षेत्र याच्या कितीतरी पट आहे, आणि त्यातले बरेचसे कालव्यावर नसून जलाशयातून व नदीपात्रातून पंपांनी केलेल्या उपशावर आहे. कालव्याचे पाणी निदान आवर्तनात, म्हणजे ठरावीक पाळीने सोडताना, मोजले जाते. उपशाची मोजणी ढिली असते.

2015–16 मध्ये काय घडले

लातूर परिसराचा सरासरी पाऊस वर्षाला सुमारे 800 मिलिमीटर आहे. राजस्थानच्या वाळवंटाशी या भागाची तुलना करणारे वृत्तांत त्या काळात बरेच छापून आले, पण 800 मिलिमीटर हा काही वाळवंटातला पाऊस नव्हे. अडचण सरासरीची नसून सलगतेची आहे. 2014 चा पावसाळा तुटीचा गेला, 2015 चा त्याहून वाईट गेला. एका कोरड्या वर्षानंतर धरणात जे काही शिल्लक राहते त्यावर दुसरे कोरडे वर्ष काढायचे असते, आणि 2015 च्या पावसाळ्याअखेर मांजरा धरणात तशी शिल्लक नव्हती.

शहरात पुरवठ्याचे अंतर आधी चार-पाच दिवसांवर, मग आठवड्यावर, मग त्याहूनही पुढे गेले. आठ दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात घरांची रचनाच त्याप्रमाणे होते. जमिनीखाली हौद, गच्चीवर काळ्या टाक्या, मोरीत आणि जिन्याखाली पिंपे, आणि नळाला थेट जोडलेली मोटर. ज्याचा हौद मोठा त्याला आठ दिवस सहज निघतात. एका खोलीत भाड्याने राहणाऱ्याला दोन दिवसांनी शेजाऱ्याचे दार ठोठवावे लागते. व्हॉल्व्हमनने चावी फिरवली की पहिल्या अर्ध्या तासात ज्यांच्या मोटरी लागतात त्यांच्याकडे पाणी जाते आणि गल्लीच्या शेवटच्या घरांत नळातून हवा येते. टंचाईत सर्वांना समान कपात होते, हा समज अशा गल्लीत टिकत नाही.

2016 च्या सुरुवातीला मांजरा धरण मृतसाठ्याच्याही, म्हणजे धरणाच्या तळाशी नेहमीच्या वापराबाहेर राहणाऱ्या साठ्याच्याही, खाली गेले आणि नळाने पुरवठा थांबला. त्यानंतर शहर टँकरवर आले. माकणी येथील निम्न तेरणा प्रकल्प, भंडारवाडी, मांजरेवरील डोंगरगावचा बंधारा, साई, अशा विखुरलेल्या ठिकाणांहून मिळेल तेवढे पाणी गोळा करून ते प्रभागाप्रभागांत वाटले जात होते. एका कुटुंबाला साधारण आठवड्याला 200 लिटर, म्हणजे एक पिंप, एवढा वाटा पडत होता. पाच माणसांच्या घरात त्याचे माणशी दिवसाला सहा लिटरही होत नाहीत. स्वयंपाक आणि पिणे यापलीकडचे सगळे पाणी विकत घ्यायचे किंवा कोणाच्या तरी बोअरचे मिळवायचे.

मार्च 2016 मध्ये जिल्हा प्रशासनाने टँकर भरण्याची ठिकाणे, टँकरचे मार्ग आणि सार्वजनिक विहिरी यांच्या परिसरात जमावबंदीचे कलम 144 लागू केले. ते मे महिन्याच्या अखेरपर्यंत होते. पाण्यासाठी जमावबंदी ही बातमी देशभर गाजली आणि तिच्यावर टीकाही झाली. मला तो आदेश कठोर वाटत असला तरी अनाठायी वाटत नाही. टँकर भरणा केंद्रावर पाचशे माणसे जमली तर टँकर बाहेरच पडू शकत नाही, आणि ज्या वस्तीत तो जायचा असतो तिथल्या बायकांना त्या गर्दीत उभेही राहता येत नाही. खटकते ती दुसरीच गोष्ट. सार्वजनिक टँकरभोवती पोलीस उभे होते, तर खासगी टँकरचा बाजार दरावाचून आणि तपासणीवाचून चालू होता. दवाखाने, वसतिगृहे, हॉटेले आणि मोठ्या इमारती त्याच बाजारावर तगल्या. शिकवणीवर्गांतली अनेक मुले गावी परतली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना पाणी कमी पडले नाही, महाग पडले.

हे खासगी पाणी येत होते ते मुख्यतः शहराबाहेरच्या आणि शहरातल्या बोअरमधून. लातूरच्या पायाखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्याच्या वरच्या, झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये जेवढे पाणी मावते तेवढेच. खाली गेल्यावर विशेष काही मिळत नाही, आणि मिळाले तरी ते लवकर भरून येत नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 मध्ये झाला आणि 2014 पासून लागू झाला. त्यात 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहीर ‘खोल विहीर’ मानून तिच्यावर निर्बंधांची तरतूद आहे. प्रत्यक्षात त्या वर्षी बोअर पाडणाऱ्या गाड्या सातशे-आठशे फुटांपर्यंत जाऊन कोरड्या हाती परतत होत्या. एका प्लॉटवर दोन बोअर फेल गेले तरी तिसऱ्याला नारळ फोडला जात होता.

रेल्वेचा निर्णय या पार्श्वभूमीवर झाला. तेल वाहणाऱ्या प्रकारच्या टाकी-वाघिणी राजस्थानातील कोटा येथील कार्यशाळेत वाफेने धुऊन मिरजेला आणल्या गेल्या. मिरजेला कृष्णेचे पाणी होते आणि ते वाघिणींत भरण्यासाठी रेल्वेच्या यार्डापर्यंत वाहिनी टाकावी लागली. 12 एप्रिल 2016 रोजी पहिली गाडी लातूरला पोहोचली, तेव्हा तिला दहा वाघिणी होत्या आणि पाणी होते पाच लाख लिटर; शहराच्या लोकसंख्येने भागले तर माणशी एक लिटर आणि एक पेला. काही फेऱ्यांनंतर पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली आणि एका खेपेला 25 लाख लिटर येऊ लागले. लातूर स्थानकाजवळच्या मोठ्या विहिरीत पाणी उतरवायचे, तिथून शुद्धीकरणाला न्यायचे आणि मग पुन्हा टँकरने वाटायचे, असा क्रम होता. मिरज–लातूर हे अंतर 342 किलोमीटर आहे. एकेकाळच्या बार्शी लाईट रेल्वेच्या या अरुंद मार्गाचे रुंदीकरण या घटनेच्या काही वर्षे आधीच पुरे झाले होते. दुष्काळ दहा वर्षे आधी पडला असता तर ही गाडी येऊच शकली नसती, इतक्या योगायोगावर तो उपाय उभा होता.

मे महिन्यात रेल्वेने तोवर आणलेल्या 6 कोटी 20 लाख लिटर पाण्याच्या वाहतुकीचे सुमारे 4 कोटी रुपयांचे देयक जिल्हा प्रशासनाकडे पाठवले. त्यावर बरीच ओरड झाली, पण आकडा उपयोगाचा आहे. लिटरमागे सुमारे 65 पैसे, म्हणजे हजार लिटरला साडेसहाशे रुपयांच्या आसपास. तेही फक्त वाहतुकीचे. ज्या पाण्याचा दर आपण हजार लिटरला काही रुपये इतका धरतो, ते वेळेवर राखून ठेवले नाही तर परत मिळवायला काय मोजावे लागते, याचा हा अधिकृत दरपत्रकावरचा पुरावा म्हणता येईल.

ऑक्टोबरमधील बैठक

लातूरला पाणी कधी मिळेल हे नळापाशी ठरत नाही, महापालिकेच्या सभागृहातही ठरत नाही. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला धरणांत किती साठा आहे ते पाहिले जाते. त्यातून पिण्यासाठी किती राखायचे ते जिल्हाधिकारी आणि जलसंपदा विभाग यांच्या बैठकांत ठरते, आणि उरलेल्या पाण्याची किती आवर्तने सोडायची हे कालवा सल्लागार समिती ठरवते. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे. त्याबद्दल कोणाचे दुमत नाही. 2005 च्या कायद्याने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणही आले. तेव्हा नियम नाहीत, संस्था नाहीत, असे इथे म्हणता येत नाही.

कमतरता आरक्षणाच्या मुदतीत आहे. पिण्याचे पाणी राखले जाते ते पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचे. धरण भरलेले असेल तर त्या वर्षाचे शहराचे 19–20 दशलक्ष घनमीटर, इतर गावांचे आणि उद्योगांचे पाणी बाजूला काढून उरलेले सिंचनाला मोकळे होते. नियमाप्रमाणे सगळे व्यवस्थित झालेले असते. पुढच्या वर्षी पाऊस झाला नाही की मात्र हिशेब शून्यापासून सुरू होतो, कारण मागच्या वर्षाची शिल्लक राखण्याची सक्ती कोणावरच नसते. ज्या प्रदेशात दोन-दोन वर्षे सलग कोरडी जातात हे 1972 च्या दुष्काळापासून सर्वांना ठाऊक आहे, तिथे पिण्याच्या पाण्याची वही एका वर्षात बंद केली जाते. घरातली बाई ज्वारीची कणगी भरताना पुढच्या सालाचा विचार करते, तेवढाही विचार धरणाच्या वहीत नाही.

शहरासाठी दोन वर्षांचे पाणी धरले, त्यात बाष्पीभवन आणि गळती मिळवली, तरी भरलेल्या मांजरा धरणातला चौथा हिस्सा किंवा फार तर तिसरा हिस्सा लागेल. तेवढे सिंचनातून कमी करणे सोपे नाही, हे मान्य. ज्या वर्षी धरण भरलेले असते त्या वर्षी शेतकऱ्याला डोळ्यांसमोर पाणी दिसत असते. ‘पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही तर’ म्हणून ते अडवून ठेवा असे कोणत्या आमदाराने सांगायचे? आणि राखलेल्या पाण्यातले काही उन्हात उडून जाणार, हाही आक्षेप रास्त आहे. जलसंपदा विभागातील अभियंते तो नेहमी मांडतात. वर्षभर साठवलेल्या पाण्याचा मोठा वाटा वाफ होऊन गेला, आणि पुढच्या वर्षी पाऊसही झाला, तर ते पाणी दोन्हीकडून वाया गेल्यासारखे दिसते. विमा काढला आणि अपघात झाला नाही तर हप्ता वाया गेला असे वाटतेच. पण तो हप्ता किती आणि 2016 सारख्या एका वर्षाची किंमत किती, याची बेरीज-वजाबाकी करून ठराव केला गेल्याचे लातूरच्या बाबतीत दिसत नाही.

दुसरा मुद्दा उपशाचा आहे. दुष्काळ जाहीर झाल्यावर जलाशयाभोवतीच्या पंपांची वीज तोडली जाते. ती तोडायला महसूल, महावितरण आणि पोलीस अशी तिघांची फौज लागते आणि तोवर बरेच पाणी गेलेले असते. आरक्षण कागदावर आणि पंप पाण्यात अशी स्थिती असली, की कागदावरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. राखलेल्या साठ्याची आठवड्याला जाहीर मोजणी आणि घट दिसताच कारवाई, एवढे जरी झाले तरी ऑक्टोबरमध्ये ठरलेले पाणी मे महिन्यात धरणात सापडेल.

नळाच्या टोकाला

हे सर्व मान्य केले तरी महापालिकेची सुटका होत नाही. धरणात पाणी असतानाही लातूरला रोज पाणी मिळत नव्हते, ही गोष्ट शहरातला कोणीही सांगेल. त्याची कारणे वितरणात आहेत: जुन्या वाहिन्या, मोजमाप नसलेल्या जोडण्या, तोट्या नसलेले नळ, अनधिकृत जोडण्या, वसुलीअभावी थकलेले वीजबिल, आणि वीजबिल थकल्याने वेळोवेळी थांबणारे पंप.

हे दुष्टचक्र तोडण्याचा एक प्रयत्न झाला होता. महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या पाणीपुरवठा योजना राबवणाऱ्या शासकीय संस्थेच्या पुढाकाराने 2008 मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्याचे संचालन दहा वर्षांसाठी एका खासगी कंपनीकडे देण्यात आले. घरोघर मीटर बसवायचे, वसुली वाढवायची, त्यातून व्यवस्था सुधारायची, अशी कल्पना होती. शहरात तिला तीव्र विरोध झाला, मोर्चे निघाले, मीटर नाकारले गेले आणि काही वर्षांतच करार कोलमडून व्यवस्था पुन्हा पालिकेकडे आली. त्या विरोधात राजकारण किती आणि रास्त तक्रार किती, यावर अजून वाद होतात. माझ्या मते क्रम चुकला होता. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या नळाला मीटर लावला, तर पाण्याआधी येणाऱ्या हवेने काटा फिरतो आणि लोकांना पाण्याऐवजी हवेचे बिल आल्यासारखे वाटते. मीटर हे नियमित पुरवठ्याचे साधन आहे. अनियमित पुरवठ्यावर ते लादले की दंडासारखे दिसते.

याच जीवन प्राधिकरणाने जवळपास त्याच काळात कराडजवळच्या मलकापूरला अगदी वेगळा निकाल मिळवला. तिथे चोवीस तास पुरवठा, प्रत्येक जोडणीला मीटर आणि जास्त वापराला चढता दर ही सगळी योजना एकत्र आखली गेली. नव्या वाहिन्या टाकून आधी दाब आणि सातत्य दिले, मग बिल आले. लोकांनी पैसे भरले. मलकापूर हे कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळचे, लातूरच्या दहाव्या हिश्श्याएवढे गाव. दोन्हींची सरसकट तुलना करणे अन्यायाचे ठरेल. तरीही एक धडा तिथून घेता येण्यासारखा आहे. चोवीस तास पाणी असले की घरात साठवण करावी लागत नाही, शिळे पाणी ओतून द्यावे लागत नाही, आणि रिकाम्या वाहिनीत गटाराचे पाणी शिरण्याचा धोकाही जातो. आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात मात्र नवे पाणी येताच जुने अंगणात फेकले जाते. लातूरमध्ये हे वर्षानुवर्षे घडत आले आहे. पाणी तुटवड्याच्या शहरात पाण्याचा सर्वांत मोठा अपव्यय असा तुटवड्यातूनच होतो.

2016 नंतर

त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोराचा पाऊस झाला आणि मांजरा धरण भरले. पाण्याची गाडी ऑगस्टमध्येच थांबली होती. उन्हाळ्यात नागरिकांनी ‘जलयुक्त लातूर’ या नावाने वर्गणी काढून साई ते नागझरी या पट्ट्यात सुमारे 18 किलोमीटर नदीपात्राचे खोलीकरण केले होते. तिथेही पाणी साठले. हे काम मोठे होते आणि त्यात व्यापारी, डॉक्टर, शिक्षक असे सगळे उतरले, हे नोंदवले पाहिजे. नदीपात्रातल्या साठ्याने शहराला काही आठवड्यांचा जवळचा, कमी खर्चाचा आधार मिळतो. खडकापर्यंत पात्र खोदण्याला भूजल अभ्यासकांचा आक्षेप असतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही, कारण वाळू-मातीचा जो थर पाणी धरतो तोच काढून टाकला जातो. दोन-तीन पुरांनंतर गाळ परत येतो तो वेगळाच.

2018 चा पावसाळा पुन्हा तुटीचा गेला आणि 2019 मध्ये पुरवठ्याचे दिवस परत वाढले. रेल्वेची मागणीही पुन्हा वर्तमानपत्रांत दिसू लागली. 2016 च्या पूर्ण भरलेल्या धरणापासून 2019 च्या टंचाईपर्यंत जेमतेम अडीच वर्षे गेली. आरक्षणाची मुदत वाढली असती, तर या अडीच वर्षांत तिचा पहिला उपयोग झाला असता.

आता चर्चेत असलेला उपाय आहे तो उजनीवरून पाणी आणण्याचा. उजनी भीमेवर, म्हणजे कृष्णा खोऱ्यात आहे आणि लातूर गोदावरी खोऱ्यात. त्यामुळे खोरे बदलण्याचा, कृष्णेचे पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाच्या वाटपाचा आणि सोलापूरकरांच्या विरोधाचा प्रश्न येतो. लातूरच्या निवडणुकांत ही मागणी दर वेळी असते. तांत्रिकदृष्ट्या तिच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. 2016 मध्ये उजनीही उणे साठ्यात, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली, गेले होते, पण उजनीचा मृतसाठाच 63 अब्ज घनफुटांच्या आसपास, म्हणजे मांजरा धरणाच्या एकूण क्षमतेच्या सुमारे आठपट आहे. पिण्यापुरते पाणी त्यातून वाईट वर्षीही काढता येईल. विरोधातला मुद्दाही तेवढाच भक्कम आहे: पन्नास किलोमीटरवरून उपसलेल्या पाण्याचे वीजबिल भरताना ज्या महापालिकेची दमछाक होते, तिला त्याच्या तिप्पट लांबीच्या वाहिनीचा आणि चढाचा खर्च दर महिन्याला उचलावा लागेल, तोही मांजरा भरलेले असताना, कारण वाहिनी बंद ठेवली तर ती दुष्काळात चालू होईलच याची खात्री नसते. योजनेच्या भांडवली खर्चाला शासनाचा निधी मिळतो. चालवण्याच्या खर्चाला तो मिळत नाही. उजनीची वाहिनी मंजूर करण्यापूर्वी हा मासिक खर्च पाणीपट्टीत किती बसतो ते महापालिकेने लोकांसमोर मांडावे, आणि मांजरा धरणात दोन वर्षांचे पाणी राखल्यास तोच धोका किती खर्चात टळतो हे त्याच कागदावर जलसंपदा विभागाने लिहून द्यावे.